शिक्क्याखालची ओळ

“मॅडम, ये डॉक्टर मोडक उस गुरुवार को ओपीडी में थे ना?” कुरियन यांनी विचारलं.

“ऑफ कोर्स,” मी म्हटलं. “ये देखिये, स्टॅम्प है.”

इतक्या आत्मविश्वासाने मी आयुष्यात दुसरं काही खोटं बोललेले नाही. आणि ते खोटं आहे हे त्या क्षणी माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

कुरियन हे इन्शुरन्स कंपनीचे ऑडिटर. बारीक अंगाचे, हळू बोलणारे, आणि कॉन्फरन्स रूममधली बिस्किटं मोजून दोनच खाणारे. त्यांनी आमच्या फायली बाजूला सारल्या, स्वतःच्या बॅगेतून एक कागद काढला आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला. तो आमच्या हॉस्पिटलचा कागदच नव्हता. विमानात बॅग हरवली म्हणून केलेला ट्रॅव्हल इन्शुरन्सचा क्लेम होता. क्लेम करणाऱ्याचं नाव डॉ. मोडक. प्रवास दुबई ते मुंबई, बुधवारची रात्र. बॅगेतल्या वस्तूंची यादी: लहान मुलाचं रेशमी धोतर एक, लाकडी खडावा एक जोड, चांदीची वाटी एक. प्रवासाचं कारण: मुलाचा धार्मिक विधी, गुरुवारी, पुणे.

“बॅग कोची गया था,” कुरियन शांतपणे म्हणाले. “मेरे घर के पास. हमारा ट्रॅव्हल डेस्क मेरे बाजू में बैठता है, मॅडम.”

माझ्या पायाखालची वाळू सरकली, आणि दुबईत ती भरपूर असते. कारण त्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी स्वतः पुण्यातल्या एका मंगल कार्यालयात हातात अक्षता घेऊन उभी होते. मोडकांच्या मुलाची मुंज होती. बॅग न आल्यामुळे बटूने चुलतभावाचं ढगळ सोवळं नेसलं होतं आणि ते कमरेला धरून ठेवण्यातच त्याचा सगळा विधी पार पडला. मी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं होतं. आणि टेबलावर पडलेल्या तेवीस फायली सांगत होत्या की त्याच दिवशी मोडकांनी दुबईत तेवीस पेशंट स्वतः तपासले.

हे सगळं कसं झालं ते सांगायचं तर आधी माझं काम सांगायला हवं. मी मेडिकल कोडर. डॉक्टर पेशंटला बघतात, काय केलं ते लिहितात. ते लिहिलेलं वाचून आम्ही त्याला एक कोड देतो आणि त्या कोडवर इन्शुरन्स कंपनी पैसे देते. डॉक्टरने काय केलं याला आमच्या धंद्यात काडीचीही किंमत नाही, काय लिहिलं याला आहे. वीस वर्षांत मी एकही डॉक्टर असा पाहिला नाही ज्याला हे वाक्य ऐकून राग आला नाही.

बूमच्या दिवसांत या कामात फार आराम होता. दुबईच्या ऊद मेथा भागात नवी क्लिनिकं उगवत होती, क्रेन दिवसरात्र फिरत होत्या, आणि आम्ही काहीही पाठवलं तरी इन्शुरन्सवाले पैसे द्यायचे. मग दोन हजार आठचा क्रॅश आला. लोक एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये गाड्या सोडून गेले अशा गोष्टी ऑफिसात रोज ऐकू यायला लागल्या. त्यातल्या निम्म्या खऱ्या असाव्यात. इन्शुरन्स कंपन्यांना मात्र एकदम वाचता यायला लागलं. ज्यांनी कधी पान उलटलं नव्हतं ते आता प्रत्येक नोट मागायला लागले.

आणि नोटमध्ये त्यांना सगळ्यात आधी सापडले आमचे इंटर्न. आमचं हॉस्पिटल शिकाऊ डॉक्टरांना ट्रेनिंग देतं. इंटर्न पेशंटला आधी बघतो, सगळं लिहून काढतो, मग मोठे डॉक्टर येतात. बिल मोठ्या डॉक्टरांच्या दराने जातं: तीनशे दिरहम, म्हणजे तेव्हाचे जवळजवळ चार हजार रुपये. पण त्याला एक नियम आहे. मोठ्या डॉक्टरांनी पेशंटला स्वतः बघितलं पाहिजे, आणि आपण बघितलं, काय आढळलं, काय ठरवलं हे स्वतःच्या शब्दांत लिहिलं पाहिजे. इंटर्नच्या नोटखाली ‘अ‍ॅग्रीड’ लिहून सही ठोकली तर ते चालत नाही. पुरणपोळी सुनेने केली आणि सासूबाईंनी हॉलमधून ‘छान झालीय हं’ म्हटलं, तर ती पोळी सासूबाईंची होत नाही. सासूबाईंना तसं वाटतं, ते वेगळं.

मोडक म्हणजे नेमके तसे. डॉक्टर म्हणून अव्वल. मधुमेहाच्या पेशंटचा नुसता चेहरा बघून सांगतील की काल लग्नाला जाऊन आलात. पण लिहायचं म्हणजे अंगावर काटा. इंटर्नने दोन पानं लिहिलेली असायची आणि खाली ‘अ‍ॅग्रीड. एम.’ एवढंच. त्या ‘एम’लासुद्धा मधला खड्डा नसायचा, सरळ रेघच. महिन्यात त्यांचे सत्तर क्लेम परत आले तेव्हा आमचे फायनान्स हेड मिस्टर हानी यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हानी इजिप्तचे. प्रत्येक वाक्य ते टेबलावर थाप मारून संपवत.

“मॅडम नीलिमा, डॉक्टर मोडक इज ब्रिंगिंग पेशंट्स. यू ब्रिंग द मनी. यल्ला, क्विक, फाइंड सोल्युशन.”

सोल्युशन मी काढलं. हे मला मोठ्या अभिमानाने सांगायला आवडलं असतं.

माझे वडील जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. शिक्का नसलेल्या कागदात ते शेंगदाणेसुद्धा बांधून घेत नसत. तो वारसा घेऊन मी करामा भागातल्या एका दुकानात गेले आणि साठ दिरहमना, म्हणजे पावणेआठशे रुपयांना, एक दणदणीत शिक्का करून आणला. दाबला की आपोआप शाई लागणारा. त्यावर तीन ओळी: मी या रुग्णाला प्रत्यक्ष तपासले आहे, ट्रेनीचे निष्कर्ष पाहिले आहेत, उपचारांशी सहमत आहे. खाली मोडकांचं नाव, डिग्र्या, लायसन्स नंबर. नियमात ‘स्वतःच्या शब्दांत’ असं लिहिलं होतं. शब्द मोडकांचेच होते असं मी स्वतःला समजावलं, त्यांच्या वतीने मी आधीच ठरवून ठेवले होते एवढंच.

मोडक खूश झाले. “वहिनी, तुम्ही मला जन्मभराच्या लिखाणातून सोडवलंत,” ते म्हणाले. (माझे यजमान सतीश आणि मोडक कॉलेजचे मित्र, म्हणून मी हॉस्पिटलातसुद्धा वहिनीच.) क्लेम परत येणं थांबलं. हानी कॉरिडॉरमध्ये मला ‘जीनियस’ म्हणायला लागले. पहिल्या पंधरा दिवसांत मोडकांनी तो शिक्का दोनदा हरवला, एकदा डायटिशियनच्या वजनकाट्यावर सापडला. त्यानंतर तो माझ्या ड्रॉवरमध्ये राहायला आला. मोडक दुपारच्या चहाला माझ्याकडे यायचे, दिवसभराच्या फायलींवर धडाधड शिक्के मारायचे, आणि मारता मारता मुंजीच्या हॉलचं भाडं सांगायचे.

मुंजीला शुक्रवारचा मुहूर्त हवा होता. इथली सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्यामुळे दुबईकरांना गुरुजींकडूनही शुक्रवार लागतो. पण कार्यालय शुक्रवारी मिळालं नाही, गुरुवारी मिळालं. तेव्हा बुधवारी रात्री निघायचं, गुरुवारी मुंज, शनिवारी परत. एकच ओपीडी बुडत होती. रजेचा अर्ज टाकला तर ओपीडी बंद ठेवावी लागेल आणि हानी टेबल फोडतील, म्हणून मोडकांनी इंटर्नला सांगितलं, “तू बघून घे. अडलं तर फोन कर. शेजारचे जनरल फिजिशियन औषधांवर सही करतील.”

ती इंटर्न म्हणजे ऋचा. दुबईतच वाढलेली मराठी मुलगी. तिला मी सात वर्षांची असल्यापासून ओळखते. गणपतीच्या कार्यक्रमात ती उंदीर झाली होती आणि स्टेजवरच तिने संवाद चुकलेल्या गणपतीला इंग्रजीत झापलं होतं. आता ती डॉक्टर झाली होती, इंटर्नशिपचा शेवटचा महिना उरला होता. आईवडिलांशी ती इंग्रजीत बोले, पेशंटशी हिंदीत, आणि माझ्याशी जे सुचेल त्यात.

रविवारी सकाळी आम्ही ऑफिसला आलो ते मुंजीचे लाडू घेऊन. माझ्या टेबलावर गुरुवारच्या तेवीस फायली होत्या. मोडक दारातून डोकावले, राउंडला उशीर झाला होता. “वहिनी, तेवढे तुम्हीच मारून टाका ना.” मी एका हातात लाडू आणि दुसऱ्या हातात शिक्का घेतला. नोटच्या तळाशी शिक्क्यासाठी एक चौकट असते. तिथे काहीतरी निळं गिचमीड दिसलं असेल, नसेल. मी वाचलं नाही. तेवीस फायली, चार मिनिटं.

तर आता मी पुन्हा कॉन्फरन्स रूममध्ये येते. जून महिना, समोर कुरियन आणि बॅगेचा क्लेम.

कुरियन यांनी दोन दिवसांची मुदत दिली. “रिटन एक्स्प्लनेशन चाहिये, मॅडम. किसने बोला कि डॉक्टर ने देखा?” ते गेल्यावर हानींनी दार लावून घेतलं. मोडक एव्हाना येऊन बसले होते आणि स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

“व्हू क्लेम्स फॉर अ बॅग!” हानी ओरडले. “युअर सॅलरी इज नॉट इनफ?”

“चांदीची वाटी होती,” मोडक पुटपुटले.

हानींनी खोल श्वास घेतला आणि एकदम शांत झाले. त्या माणसाचं शांत होणं मला कधीच आवडलं नाही. “इट इज सिंपल. द इंटर्न मिसयूज्ड द स्टॅम्प. कन्सल्टंट वॉज ट्रॅव्हलिंग, ही डिड नॉट नो. शी इज यंग, शी मेड मिस्टेक. मॅडम नीलिमा, युअर इंग्लिश इज गुड. यू राइट द लेटर, टु इन्शुरन्स अँड टु ट्रेनिंग कमिटी. खलास.”

मी मोडकांकडे बघितलं. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचं होतं आणि त्या वर्षी आमच्याकडे रिन्यू न झालेल्या माणसांच्या निरोपाचे केक आठवड्याला दोन येत होते. मोडकांनी बुटांवरची नजर उचलली नाही. मीही नकार दिला नाही. सतीशची कंपनी पगार दोन हप्त्यांत देत होती, आमच्या मुलाची, ईशानची, शाळेची फी तोंडावर आली होती. हे कारण खरं आहे, आणि ते कारण म्हणून मला आजही पुरेसं वाटत नाही. मला भीती वाटली आणि मी गप्प बसले, एवढंच.

लेटर कमिटीला गेलं असतं तर काय होणार हे मला पक्कं माहीत होतं. इंटर्नशिपच्या सर्टिफिकेटवर ‘असमाधानकारक’ शेरा. मग लायसन्सची परीक्षा नाही. ऋचाचे वडील सिव्हिल इंजिनियर, त्यांच्या साइटवरच्या क्रेन बंद पडून सात महिने झाले होते. घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. ते सर्टिफिकेट मिळालं की तिला एका क्लिनिकमध्ये नोकरी ठरलेली होती, त्या ऑफर लेटरची झेरॉक्स तिच्या आईने मला देवाच्या प्रसादासारखी दोन्ही हातांनी दाखवली होती.

तरीही मी ऋचाला बोलावलं आणि शहाजोगपणे सुरुवात केली. “अगं, डॉक्टर नाहीत हे तू नोटमध्ये लिहायला नको होतंस का? एवढं शिकवतो आम्ही.”

“आय डिड, आँटी.”

“कुठे?”

ती माझ्याकडे बघत राहिली. चिडलेली नव्हती. फोड कापायच्या आधी डॉक्टर जसे पेशंटला निरखतात तशी निरखत होती. “जिथे तुम्ही शिक्का मारलात ना, तिथे.”

मी फाइल ओढली. मोडकांच्या नावाखाली, माझ्या सुरेख शिक्क्याच्या निळ्या शाईखाली, निळ्याच पेनने काहीतरी लिहिलेलं होतं. एक अक्षर लागत नव्हतं.

“आणि त्या स्टॅम्पला मी कधी हातही लावला नाही,” ती म्हणाली. “इट लिव्हज इन युअर ड्रॉवर. एव्हरीबडी नोज. पिंक कॉपी बघा ना, आँटी. यू ओन्ली टॉट अस दॅट.”

ते मीच शिकवलं होतं. आमच्या नोटचा कागद दुहेरी असायचा. वर लिहिलं की खालच्या गुलाबी कागदावर आपोआप उमटायचं. पांढरा फाइलमध्ये, गुलाबी रेकॉर्डला. दर बॅचच्या इंटर्नना मी पहिल्याच दिवशी सांगायचे की पांढऱ्यावर कोणी काहीही केलं तरी गुलाबी कागद तुमचा साक्षीदार. आणि शिक्का मारला जायचा तो पांढरा फाडून वेगळा झाल्यावर.

गुलाबी कागद हॉस्पिटलमध्ये नव्हते. खर्च कमी करायचा म्हणून हानींनी रेकॉर्ड रूम अल क्वोज या कारखान्यांच्या भागातल्या एका गोडाउनमध्ये हलवली होती, टायरच्या वर्कशॉपला लागून. दुसऱ्या दिवशी लंचमध्ये मी तिथे गेले. जूनमधली दुपार, आणि वीज वाचवायची म्हणून एसी बंद. रखवालदार पठाणाने मला एक खुर्ची, एक पुठ्ठा वारा घालायला आणि ‘बहनजी, पानी पीते रहो’ असा सल्ला दिला. कोणत्याही खोक्यावर लेबल धड नव्हतं. ज्या बाईने सगळ्या हॉस्पिटलला डॉक्युमेंटेशन शिकवलं तिच्याच डिपार्टमेंटची खोकी ती. दीड तासाने मुंजीच्या, म्हणजे मे महिन्याचा खोका सापडला तेव्हा माझ्या ड्रेसची अवस्था बघवत नव्हती.

तेवीसच्या तेवीस गुलाबी कागदांवर, तळाच्या चौकटीत, बारीक सुबक अक्षरांत ती ओळ होती. डॉ. मोडक रजेवर आहेत. रुग्णाला तसे सांगितले आहे. औषधांवर सही शेजारच्या डॉक्टरांची. काहींवर आणखी होतं: रुग्णाला रविवारची वेळ देऊ केली, त्याने आजच दाखवणे पसंत केले. म्हणजे बिल जनरल फिजिशियनच्या दराने, शंभर दिरहमचं व्हायला हवं होतं, तीनशेचं नाही, आणि हे त्या मुलीने तेवीस वेळा, सांगितलेलं नसताना, नियमाप्रमाणे लिहून ठेवलं होतं. तोवरच्या सगळ्या नोकरीत मला इतकी स्वच्छ नोट मिळाली नव्हती, आणि मी तिच्यावर लाडवाच्या हाताने शिक्का मारला होता.

एका कागदावर लिहिलं होतं: डॉ. मोडकांशी नऊ बत्तीसला फोनवर चर्चा. पोटॅशियम पुन्हा तपासण्यास सांगितले. पलीकडे बराच गोंगाट, सूचना दोनदा विचारून खात्री केली.

मला हसू आलं आणि त्याच्यापाठोपाठ रडूही. दुबईत नऊ बत्तीस म्हणजे पुण्यात अकरा वाजून दोन मिनिटं. मुंजीचा मुहूर्त. मंगलाष्टकं चालू होती, अंतरपाटाच्या एका बाजूला ढगळ सोवळं सावरणारा बटू आणि दुसऱ्या बाजूला त्याचे वडील, कानाला मोबाइल लावून. गुरुजींनी डोळे वटारले होते. मोडक तोंडावर हात धरून “रिपीट कर, रिपीट कर” म्हणत होते आणि आम्हाला वाटलं ते भटजींना सांगतायत. तेव्हा हसून हसून आमच्या अक्षता सांडल्या होत्या. इकडे एक मुलगी एकटी बसून कोणाचं तरी हृदय बंद पडू नये म्हणून तोच प्रश्न दोनदा विचारत होती.

गोडाउनमधून बाहेर आले तेव्हा ऋचावर ठपका ठेवणारा, आदल्या रात्री लिहिलेला लेटरचा माझा ड्राफ्ट पर्समध्येच होता. तो मी रखवालदाराच्या पुठ्ठ्यावर ठेवून आले. त्याला वारा घालायला उपयोग झाला असेल.

दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्स रूममध्ये आम्ही चौघं. कुरियन, हानी, मोडक आणि मी. बिस्किटंही होती.

“मॅडम नीलिमा हॅज द लेटर,” हानी म्हणाले.

“लेटर नाही आणलं,” मी म्हटलं. “अटॅचमेंट आणल्यात.” आणि गुलाबी कागदांचा गठ्ठा कुरियन यांच्यासमोर ठेवला.

कुरियन यांनी चष्मा लावला. एकेक पान बोट फिरवत वाचायला लागले. हानींची बोटं टेबलावर होती, पण थाप मारली गेली नाही. शेवटी कुरियन यांनी पांढरा कागद घेतला, त्याच्या शेजारी गुलाबी ठेवला आणि विचारलं, “तो स्टॅम्प किसने मारा?”

“मैंने,” मी म्हटलं.

“आपने?”

“मैंने मारा. बनवाया भी मैंने. और उस दिन मैं भी पूना में थी, मुंज खाने.” माझं हिंदी घाबरले की असंच होतं. “लडकी ने सच लिखा था. मैंने पढे बिना उसके उपर मार दिया.”

“मॅडम!” हानी म्हणाले.

आणि मग मोडकांनी बुटांवरून नजर वर केली. “आय टोल्ड हर टु स्टॅम्प,” ते म्हणाले. “आणि आधीचेही. सगळे मी न वाचता मारलेत. बघितलेले पेशंट होते ते, पण वाचलं एकही नाही.” शेवटचं त्यांनी मराठीत म्हटलं, कोणाला उद्देशून ते त्यांनाही माहीत नसावं. मी ते कुरियन यांना हिंदीत सांगितलं. आता झाकण्यासारखं उरलं तरी काय होतं!

कुरियन यांनी तिसरं बिस्किट घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच असावं. “मॅडम,” ते म्हणाले, “अभी तो मेरे को सब स्टॅम्प वाला फाइल देखना पडेगा.”

त्यांनी सगळ्या बघितल्या. त्या एका शिक्क्याने जेवढं मिळवून दिलं होतं ते सगळं आणि वर थोडं हॉस्पिटलला परत करावं लागलं. पुढचे चार महिने कुरियन आमच्याकडे जवळजवळ राहायलाच होते. त्यांना जेवणात वरणभात आवडतो हेसुद्धा आम्हाला कळलं. मोडकांचं कॉन्ट्रॅक्ट वर्षाऐवजी सहा महिन्यांचं झालं. सुपरवायझरची पोस्ट माझ्या नावावर येणार होती ती दुसऱ्या कोणाच्या नावावर गेली, आणि मला एक वॉर्निंग लेटर मिळालं.

ते लेटर मी नीट वाचलं. खाली हानींची सही नव्हती. ‘सीन अँड अप्रूव्ह्ड’ असा लाल शिक्का होता. मी त्यावर पेन्सिलने लिहिलं, ‘अटेस्टेशन अपुरं, कृपया स्वतःच्या शब्दांत लिहून सही करावी,’ आणि परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी हानींनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं लेटर आलं. ते पहिल्यापेक्षा पुष्कळ जास्त कडक होतं. नियमाप्रमाणे मात्र अगदी चोख.

राहिलं ऋचाचं सर्टिफिकेट. त्यावर कन्सल्टंटच्या शेऱ्यासाठी चार ओळींची जागा असते, तिथे आजवर मोडक ‘गुड. एम.’ लिहीत आले होते. शेवटच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन बसले, माझंच पेन घेतलं आणि बराच वेळ लिहीत राहिले. मी डोकावले नाही. नंतर ऋचा तो कागद घेऊन माझ्याकडे आली, कारण तिला तो वाचता येईना. मलाही येईना. आम्ही दोघी खाली फार्मसीत गेलो. तिथल्या फार्मासिस्टने कागद दिव्याखाली धरला आणि एकही अक्षर न अडखळता इंग्रजीत वाचून दाखवलं:

“त्या दिवशी मी हजर नव्हतो. ही हजर होती. आणि मी हजर नव्हतो असं तिने लिहून ठेवलं. तिच्या नोंदी मी आता स्वतः वाचल्या आहेत. मी सहमत आहे.”

ऋचाने डोळे पुसले. “ही रोट अ फुल पॅराग्राफ, आँटी,” ती म्हणाली. तिला नोकरी मिळाली, त्या घराची भारतात कायमचं परतायची विमानाची एकेरी तिकिटं रद्द झाली, आणि आता ती स्वतः इंटर्नना शिकवते. नोट लिहायला म्हणे फार छळते.

शिक्का अजून माझ्याकडे आहे. शाई वाळून गेली आहे. नव्या कोडर मुलामुलींचा वर्ग घेते तेव्हा तो टेबलावर ठेवते आणि नियम वगैरे सांगायच्या आधी एवढंच सांगते की शिक्का मारायची चौकट रिकामी आहे असं धरून चालू नका, तिथे आधी कोणीतरी खरं लिहून गेलेलं असतं. मग ते वहीत लिहून घेतात. कोणी वाचत असेल असं मला वाटत नाही.